दोन रिंगा आणि एक्केचाळीस पाकिटं

आप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, आम्ही बापलेक सतीशच्या दुकानात नावं टाइप करत बसलो होतो. दौंडला आमच्या आळीच्या तोंडाशी सतीशचं दुकान आहे. पाटीवर सायबर कॅफे, डीटीपी, झेरॉक्स आणि लॅमिनेशन अशी चार कामं लिहिलेली आहेत, आणि वीज नसली की चारही बंद असतात. आप्पा वहीतून नावं वाचत होते आणि मी टाइप करत होते. पस्तीस वर्षं रेल्वेच्या केबिनमध्ये फोनवरून गाड्यांचे नंबर ओरडून सांगितलेला माणूस, हळू वाचणं त्यांना जमणारच नव्हतं. शेजारच्या कॉम्प्युटरवर चॅटिंग करणारी दोन मुलं अर्ध्या तासात पैसे देऊन निघून गेली.

काम साधं होतं. आप्पा दरवर्षी बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमाची निमंत्रणं तीनशे बारा लोकांना पाठवत, आणि तीनशे बारा पत्ते हातानं लिहीत. यंदा हात थरथरायला लागला होता. पौर्णिमेला अजून अडीच-तीन महिने होते, पण आप्पांच्या हिशेबानं तीन महिने म्हणजे गाडी मागच्या स्टेशनातून सुटलेली. मी म्हटलं, आप्पा, मी एक प्रोग्राम लिहिते, पत्त्यांच्या चिठ्ठ्या छापून मिळतील, एका तासाचं काम आहे.

माझ्या आयुष्यातली बहुतेक संकटं याच वाक्यानं सुरू झाली आहेत.

मी शिरूरला खोली घेऊन राहते आणि रांजणगावच्या एका कारखान्यात स्टोअरच्या कॉम्प्युटरवर काम करते. तिथं नटबोल्टांच्या याद्या सरळ करता करता मी रुबी नावाची भाषा शिकले. तिची गंमत अशी की सगळं आपल्याला लिहावं लागत नाही. दुसऱ्या कुणीतरी आधीच करून ठेवलेलं काम लायब्ररी म्हणून मिळतं. प्रोग्रामच्या सुरुवातीला नाव घेऊन बोलवायचं, की ते हजर. मी तीन लायब्रऱ्या बोलावल्या होत्या. एक पिनकोडप्रमाणे पत्ते लावायला. एक जुनी अक्षरं बदलायला, कारण वहीतली खुटबावकडची एक्केचाळीस नावं सतीशनं पूर्वी कधीतरी डीटीपीच्या जुन्या फॉण्टमध्ये टाइप केली होती आणि ती नव्या कॉम्प्युटरला मांजर कीबोर्डवरून चालत गेल्यासारखी दिसत. तिसरी लायब्ररी पडद्यावर हिरवी-तांबडी अक्षरं दाखवायला. ती कशाला, असं कुणी विचारलं नाही म्हणून बरं.

त्या एक्केचाळीस नावांवर मी रांजणगावला चाचणीही घेतली होती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस चिठ्ठ्या, स्वच्छ देवनागरीत. तसं मी आप्पांना अभिमानानं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"आन् हितं न्हाई चाललं तर?"

"चालेल, आप्पा."

"चालंल हे उत्तर न्हाई. न्हाई चाललं तर काय करायचं, ते सांग."

केबिनमधल्या माणसाला हा रोगच असतो. सिग्नल पडला नाही तर काय, फोन लागला नाही तर काय, दिवा विझला तर काय. प्रत्येकाला उत्तर तयार. आणि ते उत्तर रजिस्टरात लिहायचं. गाडी गेली म्हणून भागत नाही. शेवटच्या डब्यामागची पिवळी पाटी डोळ्यांनी बघायची, मगच गाडी पूर्ण गेली असं म्हणायचं. हे सगळं मी लहानपणापासून हजार वेळा ऐकलं होतं. सकाळपासून दोनशे एकाहत्तर नावं टाइप करून माझी बोटं दुखत होती. मी म्हटलं, "तुम्हाला नाही कळायचं त्यातलं."

आप्पांनी चष्मा परत लावला आणि वही मिटली. वीज गेली. सतीशनं शटर अर्धं ओढलं. मी सहाची न्हावऱ्यामार्गे जाणारी एसटी पकडली.

आमच्या घरात एक रिवाज होता. कुणीही कुठंही पोचलं की घरच्या फोनवर दोन रिंगा द्यायच्या आणि ठेवून द्यायचं. आप्पा फोन उचलत नसत, रिंगा मोजत. तिसरी वाजली तर बोलायचंय असं समजून उचलत. मी कॉलेजला असल्यापासून, पुढं शिरूरला राहायला गेल्यावरही, हा नेम कधी चुकला नव्हता. त्या रविवारी मी फुगलेली होते. उद्या देऊ रिंगा, म्हटलं, आणि झोपले.

सोमवारी पहाटे आप्पा झोपेतच गेले. तीन रिंगा मला आल्या, आईच्या.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम तिसऱ्या रविवारी विहारात ठरला. आमच्याकडे अशा पत्रिकेला फार वजन असतं. लग्नात कुणी राहून गेलं तर तो घाई-गडबडीत विसरला म्हणतात. मयताच्या कार्याला कुणी राहिलं तर मेलेल्या माणसानं नाव खोडलं असं धरतात, आणि मेलेल्या माणसाला जाऊन विचारता येत नाही. पत्रिका छापखान्यातून आल्या. पत्ते कोण लिहिणार, असा प्रश्न निघाला तेव्हा शेजारचे हरिबा मामा म्हणाले, चार पोरं बसवू, हातानं लिहू, दोन तासांत होईल. हरिबा मामा निवृत्त गार्ड. आप्पा केबिनमधून आणि मामा शेवटच्या डब्यातून, असे दोघं तीस वर्षं एकमेकांना हिरवा झेंडा दाखवत आले होते.

मी म्हटलं, मामा, प्रोग्राम तयार आहे. आप्पांनी आणि मीच केलाय. यात माझा मान होता, आणि मानापेक्षा जास्त काहीतरी होतं, ते मी कुणाला सांगितलं नाही.

सतीशच्या कॉम्प्युटरवर प्रोग्राम चालवला आणि तो पहिल्याच ओळीला थांबला. लायब्ररी सापडत नाही. कोणती, तर हिरव्या-तांबड्या अक्षरांची. बापाच्या कार्याच्या पत्रिका रंग मिळत नाहीत म्हणून अडून बसल्या होत्या. मागं उभ्या असलेल्या लोकांना मी एवढंच सांगितलं की तांत्रिक अडचण आहे. सतीश म्हणाला, ताई, नेटवरून उतरवून घ्या की. पण रस्त्याच्या खोदाईत टेलिफोनची केबल तुटलेली, नेट चार दिवस बंद. शिवाय वेळापत्रक पाळणारं गावात एकच खातं होतं, वीज घालवणारं. वीज जायला सव्वा तास उरला होता.

सल्ल्यांना मात्र लोडशेडिंग नसतं. एक जण म्हणाला विंडोज परत टाका. एकानं कॉम्प्युटरच्या डब्याला बाजूनं हात मारून बघायला सांगितलं. लॅमिनेशनला आलेल्या एका गृहस्थांनी आपल्या मेव्हण्याचा नंबर दिला, तो मोबाईल दुरुस्त करतो.

आता रुबीत अशा प्रसंगासाठी 'रेस्क्यू' नावाचा शब्द आहे. वरचं काम फसलं तर खाली काय करायचं, ते त्याच्यापुढं लिहायचं. मी तिन्ही लायब्रऱ्यांना मिळून एक रेस्क्यू लावला आणि पुन्हा चालवला. पुन्हा पहिल्याच ओळीला थांबला. वीस मिनिटं गेली. मग मला आठवलं की नुसता रेस्क्यू रोजच्या चुका झेलतो. लायब्ररी जागेवरच नसणं ही रुबीच्या मते रोजची चूक नाही. ती झेलायची तर तिचं नाव घ्यावं लागतं. तिचं नाव 'लोड एरर'. मी ते नाव लिहिलं, आणि त्याच्या खाली काय करायचं त्या जागी काहीच लिहिलं नाही. नसेल तर नसू दे, पुढं चल.

आणि प्रोग्राम चालला. एक तक्रार नाही, एक हूं नाही. प्रिंटर चिठ्ठ्या ओकायला लागला. आळीतल्या बायका ओट्यावर मांडी घालून बसल्या. एक चिठ्ठी चिकटवी, एक पत्रिका घाली, एक डिंकानं पाकीट बंद करी. वीज जायच्या पाच मिनिटं आधी काम संपलं. हरिबा मामा म्हणाले, "पोरीनं करून दावलं." मी नम्रपणे खाली बघितलं. तो नम्रपणा आठवला की आजही कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी टपालाच्या खिडकीवरच्या बाईंनी गठ्ठा उलटा करून बघितला आणि शांतपणे सांगितलं, की तिकिटं बुकपोस्टची आहेत आणि बुकपोस्टचं पाकीट उघडं लागतं. नियम त्यांचा बरोबर होता. बायकांनी डिंक तर असा लावला होता की पाकिटं फुटली असती पण सुटली नसती. मग हरिबा मामांच्या घरी चहाच्या किटलीच्या वाफेवर एकेक पाकीट धरून उघडलं. दुपार गेली. सगळ्या पत्रिकांना चहाचा वास लागला. एका पाकिटात तर गवती चहाची काडी गेली ती तशीच खेडला पोचली, असं नंतर कळलं. प्रत्येक पाकीट दोनदा हातातून गेलं, पण मोजलं कुणी नाही. तेवढं सुचलं असतं तर.

कार्यक्रमाच्या आधीच्या शुक्रवारी सकाळी फोन वाजला. दोन रिंगा, तीन, सहा, दहा. असा फोन फक्त कस्तुराबाई आत्याचाच. आप्पांची, म्हणजे सावळारामची, ही धाकटी बहीण, खुटबावला दिलेली. रिंगांचा नियम तिनं कधी मानला नव्हता.

"राजे, एक इचारते, राग धरू नको. आमच्या आळीत एकाबी घरी पत्रिका न्हाई."

मी म्हटलं, टपाल उशिरा येत असेल.

"केडगावात आलीया, पाटसला आलीया. खुटबावलाच येताना टपालाचा पाय मोडला का? माझं सोड. मी बहीण हाय, बिनबोलावती यीन. पर लोकं मला इचारत्यात, सावळाराम आमच्यावर काय धरून गेला का? तवा मी त्यास्नी काय सांगू?"

खुटबावच्या आळीनं आप्पांना शाळेत असताना वर्षभर जेवू घातलं होतं. वार वाटून घेऊन, पाळीपाळीनं. ती एक्केचाळीस घरं वहीत पहिल्या पानावर होती. आता ती सगळी समजत होती की हा माणूस जाताना आपल्याला खोडून गेला. रविवारपर्यंत दोन दिवस होते.

"आत्या, चूक माझी आहे," मी म्हटलं.

"तुजी कशी? तू तर कंपूटर लावलता न्हवं?"

मी पळत सतीशकडं गेले. चिठ्ठ्यांची फाइल मोजली. दोनशे एकाहत्तर. कारण समजायला पाच मिनिटंही लागली नाहीत. अक्षरं बदलणारी लायब्ररी सतीशकडं नव्हती, म्हणून जुन्या फॉण्टमधलं प्रत्येक नाव रिकामं राहिलं. आणि वहीतल्या मोकळ्या ओळींसाठी मी पूर्वीच एक सोय करून ठेवली होती: नाव रिकामं असेल तर पुढचं घे. दोन्ही ओळी आपापल्या जागी शहाण्या होत्या. दोघींनी मिळून आख्खं खुटबाव गाळलं, आणि मला कळवलं नाही, कारण कळवू नका असं मीच त्यांना सांगितलं होतं.

हे हरिबा मामांना समजावून सांगायला मला भीती वाटत होती. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर समजलं.

"म्हंजी असं," ते म्हणाले, "डब्यातला पंखा बंद पडला तर गाडी जाती. ब्रेक नसला तर जात न्हाई. तू दोन्हीला एकच हिरवा झेंडा दावला."

मी वहीचं पहिलं पान उघडून त्यांच्यापुढं धरलं.

"सावळाराम असता तर शेवटचा डबा बघून मगच हात वर केला असता," मामा म्हणाले.

घरी आले. आई म्हणाली, आप्पांना जाऊन रविवारी नेमके किती दिवस होतात ते कॅलेंडरवर बघ, भन्तेजींना सांगायचंय. मार्चचं पान भिंतीवर होतं. दिवस मोजायला मी फेब्रुवारीचं पान उलटलं. आप्पा कॅलेंडर रजिस्टरसारखं वापरत. दूध, गॅस, कोण आलं, कोण गेलं, वेळेसकट. त्या शेवटच्या रविवारच्या चौकटीत थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं:

'शिरूर गाडी पोचली ७.५०. राजी – खबर नाही.'

मी आईला विचारलं, गाडी पोचली हे त्यांना कसं कळलं.

"फोनापाशी बसलं हुतं," आई म्हणाली. "रिंगा येईनात. मंग शिरूरच्या स्टँडवर फोन लावला, चौकशीवाल्याला इचारलं. गाडी आली, म्हनला. मंग जेवाया बसले."

"काही म्हणाले?"

"म्हनले, गाडी तर पोचली. पोरगी पोचली का, ते सांगनारं तितं कोन न्हाई."

मी ती चौकट पुन्हा वाचली. रिंगा नाहीत, तर स्टँडला फोन. स्टँडवरून जेवढं कळतं तेवढं लिहिलं. जे कळलं नाही तेही लिहिलं. ती जागा कोरी सोडली नाही. मी माझ्या रेस्क्यूखाली कोरी जागा सोडली होती.

संध्याकाळी वीज आली, नेट मात्र अजून बंदच होतं. सतीशकडं बसून मी प्रोग्राम नीट केला. आता तिन्ही लायब्रऱ्यांना वेगवेगळं विचारलं. रंग नाहीत, तर गुपचूप काळ्या अक्षरांत चाल. पिनकोड लावणारी नाही, तर वहीच्या क्रमानं छाप आणि तसं सांग. अक्षरं बदलणारी नाही, तर कुणालाही गाळू नकोस. न बदललेल्या नावांचे वहीतले क्रमांक पडद्यावर लिही, आणि शेवटी किती आत आले, किती बाहेर पडले, ते मोजून सांग. सतीश माझ्या खांद्यावरून वाचत होता. पडद्यावर आलं: एकूण तीनशे बारा. निघाली दोनशे एकाहत्तर. राहिली एक्केचाळीस. कारण, अक्षरं बदलणारी लायब्ररी नाही. खालचे क्रमांक हातानं लिहावेत.

"ताई, चाललं न्हाईच की मग," सतीश म्हणाला.

"नाही चाललं. पण सांगितलं," मी म्हटलं.

एक्केचाळीस पाकिटं मी रात्रीच्या जेवणाआधी हातानं लिहून काढली. हरिबा मामांनी वहीतून वाचलं, आप्पांसारखंच ओरडून. एक तास लागला. एका तासाचं काम म्हणून मी सांगितलेलं खरंच एका तासात झालेलं आयुष्यातलं हे पहिलंच.

शनिवारी सकाळच्या पॅसेंजरनं खुटबावला उतरले. स्टेशनवर आत्या उभी होती. तिनं आधी पाकिटं मोजली, मग मला जवळ घेतलं. घरोघर गेलो. प्रत्येक घरी मी तेच सांगितलं, की आप्पांनी कुणालाही गाळलं नव्हतं, त्यांच्या वहीत तुम्ही पहिल्या पानावर आहात, गाळलं ते मी. प्रत्येक घरी चहा प्यावा लागला, कारण नाही म्हटलं तर राग खरा ठरला असता. सतराव्या घरापासून मी अर्धाच कप मागायला लागले. कॉम्प्युटरनं नावं खाल्ली म्हणजे नेमकं काय, हे विचारलं जायचं, आणि मी लोड एरर समजावून सांगायचे, आणि लोक अतिशय सहानुभूतीनं माझ्याकडं बघायचे.

धुरपदा काकू आळीत सगळ्यांत म्हातारी. तिच्या वाट्याला आप्पांचं गुरुवारचं जेवण होतं. तिनं पाकीट डोळ्यांजवळ नेलं, नातवाकडून पत्ता वाचून घेतला आणि मग स्वतःही अक्षरांवरून बोट फिरवलं.

"अक्षर बापावानी हाय," ती म्हणाली. "घान."

आत्या हसली. मीही हसले. आप्पा गेल्यापासून पहिल्यांदा, आणि हसता हसता ते थांबेना, म्हणून काकूनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

रविवारी विहारात हरिबा मामा दारात वही घेऊन उभे राहिले. कुणी सांगितलं नव्हतं. खुटबावची माणसं पॅसेंजरनं एकदमच आली. मामा एकेकाला आत सोडत खुणा करत होते. सगळ्यांच्या मागून आत्या आली, पिवळ्या लुगड्यात, चपला हातात घेऊन. मामांनी तिच्याकडं बघितलं, तिच्या मागं कुणी नाही याची खात्री केली आणि माझ्याकडं वळून हात वर केला.

"गाडी पूर्ण," ते म्हणाले.

सोमवारी दुपारच्या एसटीनं मी शिरूरला परत आले. कुलूप उघडलं. तीन आठवडे बंद असलेल्या खोलीला बंद खोलीचा वास होता. पिशवी खाली ठेवली, पाणी प्यायले, आणि मग ज्या कामाला मी बसमध्ये बसल्यापासून घाबरत होते ते केलं. दौंडचा नंबर लावला. एक रिंग. दोन रिंगा. ठेवून दिला.

आई रिंगा मोजत असेल, हे मला माहीत होतं. तिचं काम झालं होतं. पण रजिस्टरातली एक ओळ अजून अर्धी होती, आणि ती भरायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं. मी फोनकडं बघत उभी राहिले आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले,

"आप्पा, पोचले. त्या रविवारीपण पोचले होते."